नकाशावरील क्लिक आणि जिल्ह्याचा खरा आकडा

विकासाची आकडेवारी फार काळ अहवालांच्या परिशिष्टांत बंदिस्त राहिली. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, नमुना सर्वेक्षणांचे तक्ते आणि वार्षिक योजनांचे खंड पाहण्यासाठी ग्रंथालय गाठावे लागे आणि तेथेही हवा तो खंड मिळेलच याची शाश्वती नसे. गेल्या वीस वर्षांत हे चित्र पालटले. २००५ साली गूगल मॅप्स सुरू झाले. २००६ मध्ये ‘ओपनलेयर्स’ हे मुक्त साधन आले. २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि २०११ मध्ये व्होलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन संगणकतज्ज्ञाने ‘लीफलेट’ ही जावास्क्रिप्ट भाषेतील छोटी, विनामूल्य लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, सर्वांसाठी खुला केला. शासकीय माहिती खुली करण्याविषयीचे २०१२ चे राष्ट्रीय धोरण, फेब्रुवारी २०२१ मधील भू-स्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण यांनी या बदलास प्रशासकीय पाठबळ दिले. आज जिल्हा पातळीपासून केंद्रीय मंत्रालयांपर्यंत अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर असा एखादा नकाशा आढळतो.

हा नकाशा संवादी असतो. वाचक एखाद्या जिल्ह्यावर क्लिक करतो आणि त्या जागी माहितीची एक लहानशी चौकट उघडते. तिला पॉपअप म्हणतात. साक्षरता किती, नळाचे पाणी किती घरांत, संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण काय, हे त्या दोन-चार ओळींत सांगितलेले असते. धोरणाविषयी बोलणारे बहुतेक जण मूळ तक्ता उघडत नाहीत. ही चौकटच त्यांची आकडेवारी असते. म्हणून ती कशी तयार होते आणि केव्हा खोटे बोलते, हे संगणकतज्ज्ञांइतकेच अधिकाऱ्यांना, पत्रकारांना आणि अभ्यासकांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी एका राज्यातील नियोजनविषयक बैठकीस निमंत्रित म्हणून उपस्थित राहण्याचा योग आला. पडद्यावर राज्याचा नकाशा होता. वरच्या यादीतून ‘एकूण साक्षरता’ ऐवजी ‘स्त्री साक्षरता’ निवडण्यात आली आणि जिल्ह्यांचे रंग बदलले. एका जिल्ह्यावर क्लिक केल्यावर चौकटीत जो आकडा आला, तो मात्र एकूण साक्षरतेचाच होता. चौकटीत निर्देशांकाचे नाव नव्हते, केवळ ‘साक्षरता’ एवढाच शब्द होता. त्या आकड्याच्या आधारे या जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहाची निकड नाही, अशी चर्चा जवळजवळ वीस मिनिटे चालली. शेवटी मागच्या रांगेतील एका सांख्यिकी अधिकाऱ्यांनी छापील पुस्तिका उघडून आकडा वाचून दाखवला. हा फरक किरकोळ नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची एकूण साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तर स्त्रियांची सुमारे ६५ टक्के. देशपातळीवर ही तफावत आठ टक्के-बिंदूंची आहे आणि मागास जिल्ह्यांत ती याहून मोठी असू शकते. त्या दिवशी पुस्तिका कोणी सोबत आणली नसती, तर वसतिगृहाचा प्रस्ताव बाजूला पडला असता.

चूक कोणाची होती? जनगणनेचा आकडा बरोबर होता, सीमांची फाइल बरोबर होती, रंगही बरोबर होते. चूक होती ती आज्ञावलीतील एका ओळीत, आणि ती इतकी सर्वसामान्य आहे की नवशिक्या प्रोग्रामरच्या पहिल्या नकाशात ती हमखास सापडते.

चौकटीतील मजकूर केव्हा ठरतो

असा नकाशा तीन गोष्टींतून उभा राहतो. पहिली, जिल्ह्यांच्या सीमारेषांची फाइल. ती बहुधा ‘जिओजेसन’ या स्वरूपात असते, ज्याचे मानक २०१६ मध्ये निश्चित झाले. दुसरी, आकडेवारीचा तक्ता. तिसरी, या दोहोंची सांगड घालणारी जावास्क्रिप्टमधील आज्ञावली. ही आज्ञावली सर्व्हरवर न चालता वाचकाच्याच संगणकावर किंवा मोबाइलवर, ब्राउझरमध्ये चालते. नकाशा उघडताना ती प्रत्येक जिल्ह्याकडे एकदा जाते, त्याचा आकार काढते, त्यात रंग भरते आणि त्याला चौकट जोडते. लीफलेटमध्ये चौकट जोडण्याच्या या आज्ञेचे नाव ‘बाइंडपॉपअप’ असे आहे.

या आज्ञेला दोन प्रकारे मजकूर देता येतो. एक म्हणजे तयार वाक्य: ‘जिल्हा अमुक, साक्षरता तमुक’. दुसरा म्हणजे वाक्य तयार करण्याची कृती, जिला जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन म्हणतात. तयार वाक्य दिले तर ते नकाशा उघडला त्या क्षणी कायमचे ठरते. पुढे वाचकाने वर्ष बदलो, निर्देशांक बदलो, चौकटीत तेच वाक्य राहते. कृती दिली तर चौकट ज्या क्षणी उघडते त्या क्षणी ती केली जाते आणि त्या वेळी निवडलेला निर्देशांक पाहून मजकूर तयार होतो. तलाठी कार्यालयातून पाच वर्षांपूर्वी आणलेली सातबाराची नक्कल आणि आज संगणकावरून काढलेला उतारा यांत जो फरक, तोच या दोन पद्धतींत आहे. जमीन तीच असली तरी नक्कल ज्या दिवशीची, त्या दिवसापुरतीच ती खरी.

बैठकीतील नकाशात नेमके हेच घडले होते. यादीतून निवड बदलल्यावर रंग बदलण्याची आज्ञा दिलेली होती. लीफलेटमध्ये ती ‘सेटस्टाइल’ या नावाने ओळखली जाते. चौकटींना मात्र कोणी हात लावला नव्हता. रंग नव्या प्रश्नाचे उत्तर देत होता आणि चौकट जुन्या.

यावर उपाय सोपा आहे. निवडलेला निर्देशांक आणि वर्ष एकाच ठिकाणी नोंदवावे आणि रंग, चौकट, बाजूची रंगसूची या तिघांनीही तेथूनच वाचावे. रंगांसाठी एक नोंद आणि चौकटींसाठी दुसरी ठेवली, की आज ना उद्या त्यांच्यात तफावत पडणारच. लेखापालांना हे नव्याने सांगावे लागत नाही.

आकांक्षित जिल्हा कार्यक्रमाच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ११२ जिल्ह्यांपर्यंत स्थिरावलेल्या या कार्यक्रमात आरोग्य व पोषण, शिक्षण, कृषी व जलसंपदा, वित्तीय समावेशन व कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा या पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशांक ठरवण्यात आले. यातील ‘डेल्टा’ क्रमवारी ही सुधारणेच्या गतीची क्रमवारी असते. एखादा जिल्हा मूळ पातळीने मागे आणि सुधारणेत अव्वल असू शकतो. रंग सुधारणेचा आणि चौकटीतील आकडा पातळीचा, अशी गल्लत झाली तर तो जिल्हा एकाच वेळी शाबासकीचा आणि ताशेऱ्यांचा धनी होतो.

चौकटीच्या मजकुराविषयीची आणखी एक जुनी चूक येथेच नोंदवतो, कारण ती गमतीची आहे. जावास्क्रिप्टमध्ये चल घोषित करण्याची जुनी पद्धत ‘व्हार’ ही. तिचा वापर करून आवर्तनात एकेका जिल्ह्याला क्लिकची कृती जोडली, तर त्या सर्व कृती एकाच चलाकडे बोट दाखवतात. वाचक क्लिक करतो तेव्हा आवर्तन केव्हाच संपलेले असते आणि चलात शेवटचा जिल्हा शिल्लक असतो. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावली असेल, तर सिंधुदुर्गावर क्लिक करा की गोंदियावर, चौकट सांगते ‘यवतमाळ’. २०१५ च्या मानकाने आणलेली ‘लेट’ ही घोषणा प्रत्येक फेरीस स्वतंत्र चल देते आणि हा दोष नाहीसा होतो. जुन्या पुस्तकांतून उतरवून घेतलेल्या आज्ञावलीत तो अजूनही आढळतो.

उघडी चौकट आणि उशिरा येणारे उत्तर

कृती दिल्यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. वाचकाने चौकट उघडी ठेवूनच यादीतून निर्देशांक बदलला तर? लीफलेट कृती करते ती चौकट उघडताना. आधीच उघडलेल्या चौकटीस कोणी तरी सांगावे लागते की आता पुन्हा पाहा. त्यासाठी ‘अपडेट’ ही आज्ञा आहे. मजकूर थेट बदलावयाचा असल्यास ‘सेटकंटेंट’. दुसरा मार्ग म्हणजे निर्देशांक बदलताच उघडी चौकट बंद करणे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. तथापि ज्या वाचकाला एकाच जिल्ह्याचे चार-पाच निर्देशांक ओळीने पाहावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने पहिला मार्ग सोयीचा, कारण त्याला पुनःपुन्हा क्लिक करावे लागत नाही.

याहून गंभीर प्रकार असा. देशातील सर्व जिल्ह्यांची सर्व आकडेवारी आरंभीच पाठवली तर पृष्ठ जड होते. म्हणून क्लिक झाल्यावरच त्या जिल्ह्याची माहिती सर्व्हरकडून मागवण्याची पद्धत रूढ आहे. आता अशी कल्पना करा की छत्तीसगडमधील सुकमा जिल्ह्यात कोणी मोबाइलवर हा नकाशा पाहत आहे. त्याने आधी सुकमावर क्लिक केले आणि उत्तर येण्यापूर्वीच शेजारच्या, ओडिशातील मलकानगिरीवर. दोन मागण्या रवाना झाल्या. मलकानगिरीचे उत्तर आधी आले आणि चौकटीत दिसले. नंतर रखडलेले सुकमाचे उत्तर आले आणि आज्ञावलीने ते त्याच चौकटीत लिहून टाकले. चौकट मलकानगिरीवर उभी आहे, आकडे सुकमाचे आहेत, आणि चूक झाल्याची कोणतीही खूण पडद्यावर नाही.

राजधानीतील कार्यालयात, वेगवान जोडणीवर, हा दोष सहसा दिसतच नाही. तेथे उत्तरे मागितली त्याच क्रमाने आणि क्षणार्धात येतात. जोडणी जितकी मंद, तितका तो अधिक वेळा प्रकट होतो. ज्या भागांच्या विकासासाठी हे नकाशे काढले जातात, त्याच भागांतील वाचकाच्या वाट्याला चुकीचा आकडा येण्याची शक्यता सर्वांत अधिक, हे या व्यवस्थेतील विषमतेचे एक अलक्षित रूप होय.

उपाय असा की प्रत्येक क्लिकच्या वेळी शेवटी कोणता जिल्हा विचारला याची नोंद ठेवावी. उत्तर आल्यावर ते त्याच जिल्ह्याचे आहे काय हे पाहावे आणि नसल्यास ते टाकून द्यावे. आधुनिक ब्राउझरमध्ये पूर्वीची मागणी रद्द करण्याचीही सोय आहे. उत्तर येईपर्यंत चौकटीत ‘माहिती येत आहे’ असे लिहावे, जुना आकडा तसाच ठेवू नये. आणि उत्तर आलेच नाही तर तसे सांगावे.

क्लिकच्या वर्तनाविषयी दोन गोष्टी थोडक्यात. आपण स्वतः लिहिलेली क्लिकची कृती जिल्ह्याला जोडली, तर तोच क्लिक, वेगळी सूचना न दिल्यास, जिल्ह्याखालच्या नकाशापर्यंतही पोचतो. नकाशावर क्लिक होताच चौकट बंद करण्याची आज्ञा दिलेली असेल, तर चौकट उघडते आणि तत्क्षणी मिटते. हा प्रसार थांबवावा लागतो. दुसरे असे की ‘ऑन’ या आज्ञेने जोडलेली कृती ‘ऑफ’ने काढल्याशिवाय जात नाही. वर्ष बदलताना प्रत्येक वेळी नवी कृती जोडली आणि जुनी काढली नाही, तर पाचव्या बदलानंतर एका क्लिकला पाच मागण्या जातात. सर्व्हर मंदावतो आणि दोष जोडणीवर ढकलला जातो.

नावे, संकेतांक आणि बदललेल्या सीमा

चौकट योग्य वेळी उघडली आणि योग्य जिल्ह्याची उघडली, तरी तिच्यातील आकडा योग्य असेलच असे नाही. सीमांची फाइल आणि आकडेवारीचा तक्ता यांची सांगड बहुधा जिल्ह्याच्या नावावरून घातली जाते आणि भारतात ही पद्धत टिकत नाही. विजापूर अर्थात बिजापूर नावाचा जिल्हा कर्नाटकातही होता आणि छत्तीसगडमध्येही आहे. कर्नाटकातील जिल्ह्याचे नाव २०१४ मध्ये विजयपुरा झाले, पण २०११ च्या जनगणनेत दोन्ही बिजापूरच आहेत. औरंगाबाद महाराष्ट्रातही होते, बिहारमध्ये आहे. प्रतापगढ उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात, बिलासपूर हिमाचल प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये, हमीरपूर हिमाचलात आणि उत्तर प्रदेशात. केवळ नावावर विसंबणारी आज्ञावली यांपैकी जो आधी सापडेल त्याचा आकडा दोघांनाही देऊन मोकळी होते. शिवाय नावे बदलतात. गुडगावचे गुरुग्राम आणि मेवातचे नूह २०१६ मध्ये झाले, अलाहाबादचे प्रयागराज २०१८ मध्ये. जुन्या तक्त्यात जुने नाव, नव्या सीमा-फाइलीत नवे, आणि चौकट रिकामी.

यासाठीच संकेतांक असतात. जनगणनेने प्रत्येक राज्यास व जिल्ह्यास क्रमांक दिलेला आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक घटकाचा स्वतंत्र क्रमांक आहे. सांगड याच क्रमांकांवरून घातली पाहिजे. येथेही एक खाचखळगा आहे. २०११ च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरचा राज्य-संकेतांक ०१ होता. तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा साठवला की पुढचे शून्य गळते आणि उरतो केवळ १. सीमांच्या फाइलीत ‘०१’ हा मजकूर असतो, तक्त्यात १ ही संख्या. जावास्क्रिप्टच्या काटेकोर तुलनेत हे दोन एक नव्हेत. पहिल्या नऊ संकेतांकांची राज्ये नकाशावर अचानक करडी दिसू लागली, तर बहुतेक वेळा कारण एवढेच असते.

सीमांचा प्रश्न मात्र तांत्रिक दुरुस्तीने सुटणारा नाही. २००१ च्या जनगणनेच्या वेळी देशात ५९३ जिल्हे होते, २०११ मध्ये ६४०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीने ७०७ जिल्ह्यांचे आकडे दिले. तेलंगण राज्य २०१४ मध्ये दहा जिल्ह्यांनिशी अस्तित्वात आले, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांचे ३१ झाले आणि २०१९ मध्ये ३३. आजच्या सीमा दाखवणाऱ्या नकाशावर २०११ चा आकडा क्लिक करून मागणे म्हणजे जे घर तेव्हा नव्हते त्याचा शिधापत्रिका-क्रमांक मागण्यासारखे आहे.

ठाणे आणि पालघर यांचे उदाहरण घेऊ. २०११ मध्ये ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. त्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. या आठ तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५–१६ मध्ये झाली, तरी तिने जिल्हे घेतले ते २०११ च्या जनगणनेतील ६४०. म्हणजे चौथ्या फेरीत पालघर स्वतंत्रपणे नाही, पाचव्या फेरीत आहे.

आता वाचक आजच्या नकाशात पालघरवर क्लिक करतो आणि वर्षांच्या पट्टीवर चौथ्या फेरीकडून पाचव्या फेरीकडे सरकतो. चौथ्या फेरीसाठी चौकटीने काय सांगावे? अविभक्त ठाण्याचा आकडा दाखवला, तर त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई ही महानगरे मिसळलेली आहेत. जव्हार-मोखाड्यातील आदिवासी पाड्यांची स्थिती त्या सरासरीत बुडून जाते. त्यानंतर पाचव्या फेरीतील पालघरचा आकडा पाहिला, तर अवघ्या चार-पाच वर्षांत मुलांचे पोषण ढासळल्याचा किंवा तत्सम काही भास होऊ शकतो. प्रत्यक्षात बदललेली असते ती केवळ सीमारेषा. एखाद्या जिल्हाधिकाऱ्यास याच ‘घसरणी’चा जाब द्यावा लागणे अशक्य नाही.

अशा जागी चौकटीत एक वाक्य हवे: ‘हा आकडा अविभक्त ठाणे जिल्ह्याचा आहे, पालघरचा स्वतंत्र आकडा या फेरीत उपलब्ध नाही.’ आणि दोन फेऱ्यांतील फरक दाखवणारी ओळ तेथे दाखवूच नये. आज्ञावलीच्या दृष्टीने हे कठीण नाही. प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या वर्षाच्या सीमांचा आहे हे साठवले, की चौकट तयार करणारी कृती तुलना करून ठरवू शकते. कठीण आहे ते सीमाबदलांची नोंद सांभाळणे आणि ते काम संगणकाचे नसून कार्यालयाचे आहे.

शून्य आणि ‘माहिती नाही’

अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने सर्वांत घातक चूक म्हणजे शून्य आणि अनुपलब्ध यांतील गोंधळ. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मूल्यास ‘नल’ म्हणतात आणि बेरजेत किंवा गुणाकारात त्याचे शून्य होते. ज्या जिल्ह्यातून अहवालच आला नाही, तेथे ‘० रुग्ण’ असे छापले जाते आणि न कळवणारा जिल्हा सर्वांत निरोगी ठरतो.

उलट चूकही तितकीच प्रचलित आहे. ‘मूल्य नसेल तर माहिती उपलब्ध नाही असे लिहा’ या अर्थाची एक संक्षिप्त लेखनपद्धती प्रोग्रामरांना प्रिय आहे. तीत दोन उभ्या रेघांचे चिन्ह वापरतात. अडचण अशी की ही पद्धती खऱ्या शून्यालाही ‘नसलेले’ समजते. देशातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागासह भारत पोलिओमुक्त प्रमाणित झाला. त्या शून्यामागे लक्षावधी कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. नकाशाने त्याजागी ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणे हा त्या श्रमांवर अन्याय आहे. आता यासाठी दोन प्रश्नचिन्हांचे वेगळे चिन्ह भाषेत आले आहे. ते शून्य जपते आणि केवळ रिकाम्या मूल्यालाच पर्याय देते.

तिसरी अवस्थाही असते: आकडा आहे, पण तो डळमळीत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत २५ ते ४९ नमुन्यांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी नमुने असल्यास आकड्याऐवजी तारांकन देतात. संगणकाला कंसातील आकडा संख्या म्हणून वाचता येत नाही, म्हणून नकाशा बनवणारा कंस पुसून टाकतो. त्या क्षणी सर्वेक्षण करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे दिलेला इशाराही पुसला जातो. कंस काढावयाचेच तर त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी आणि चौकटीत ‘अल्प नमुन्यावर आधारित’ असे शब्द यावेत.

आकडे लिहिण्याच्या पद्धतीविषयीही एक सूचना. वर दिलेली ठाण्याची लोकसंख्या अमेरिकी पद्धतीने छापली तर स्वल्पविराम दशलक्षांच्या जागी पडतो आणि आपल्या वाचकास ती अडखळत वाचावी लागते. जावास्क्रिप्टला भाषा व देश सांगितल्यास ते लाख-कोटींचे गट आपोआप पाडते. मराठी सांगितल्यास अंकही देवनागरीत देते. एवढ्या सहज मिळणाऱ्या सोयीचा वापर आपल्या संकेतस्थळांवर फारसा आढळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

बोटाखालचा जिल्हा

हे नकाशे आज मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर पाहिले जातात. तेथे माउस नाही, म्हणून जिल्ह्यावर नुसते फिरवून नाव दिसण्याची सोय नाही. जे काही आहे ते बोटाच्या स्पर्शात. पुदुच्चेरी संघराज्य क्षेत्रातील माहे जिल्ह्याचे क्षेत्रफळ अवघे ९ चौरस किलोमीटर आहे. देशाचा नकाशा मोबाइलच्या पडद्यावर मावतो तेव्हा माहे बोटाखाली येऊच शकत नाही, स्पर्श पडतो तो केरळवर. दिल्लीतील लहान जिल्ह्यांची गत याहून फारशी वेगळी नाही. क्लिक हा माहितीचा एकमेव दरवाजा ठेवला, तर या जिल्ह्यांतील नागरिकांना तो बंदच राहतो. नकाशाच्या शेजारी जिल्ह्यांची शोधयादी आणि खाली साधा तक्ता असावा. दृष्टिहीन वाचक पडदा वाचून दाखवणारी प्रणाली वापरतो, त्याच्यासाठी तर तो तक्ता हाच नकाशा असतो.

स्वीकृतीपूर्वीची तपासणी

असे नकाशे बहुधा निविदा काढून बाहेरच्या संस्थेकडून करवून घेतले जातात. स्वीकृतीच्या वेळी पृष्ठ उघडते काय आणि बोधचिन्ह योग्य जागी आहे काय एवढेच पाहिले जाते. देशाच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहेत की नाहीत, हेही सुदैवाने आता आवर्जून तपासतात. चौकटीची तपासणी मात्र कोणी करत नाही. ती करण्यास संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नाही, अर्धा तास आणि छापील पुस्तिका पुरते.

चौकट उघडी ठेवून निर्देशांक बदलावा आणि आकडा, नाव, वर्ष तिन्ही बदलले का ते पाहावे. ब्राउझरमध्ये जोडणी मुद्दाम मंद करण्याची सोय असते. ती वापरून दोन शेजारच्या जिल्ह्यांवर लागोपाठ क्लिक करावे. दोन्ही बिजापूर उघडून पाहावेत. ज्या जिल्ह्याची माहिती नाही असा एक आणि जेथे खरोखर शून्य आहे असा एक, दोन्ही पाहावेत. २०११ नंतर झालेला कोणताही जिल्हा घेऊन त्याला २०११ चा आकडा विचारावा. नकाशावर नागरिकांच्या तक्रारी किंवा सूचना दिसत असतील, तर त्यांतील मजकूर चौकटीत आज्ञा म्हणून चालणार नाही, केवळ मजकूर म्हणूनच दिसेल, याची लेखी हमी घ्यावी. अन्यथा तक्रारीच्या रूपाने कोणीही त्या पृष्ठावर आपली आज्ञावली चालवू शकतो. आणि निविदेतच अशी अट घालावी की आज्ञावली, सीमांची फाइल आणि संकेतांकांचा तक्ता कार्यालयाच्या ताब्यात दिला जाईल. कंत्राट संपल्यावर गोठून गेलेले नकाशे आपण पुष्कळ पाहिले आहेत.

हे काम लांबणीवर टाकण्यास आता फारसा अवधी नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून, बहुतांश देशासाठी तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. तिचे जिल्हावार आकडे येऊ लागतील तेव्हा प्रत्येक नकाशाच्या यादीत एक नवे वर्ष जोडावे लागेल आणि २०११ नंतर झालेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या चौकटीला आपला आधीचा आकडा कोठून आला, हे सांगावे लागेल.